म्हाळातला प्रोसेसर

या व्यवहारात राजेश परबांना काय मिळणार होतं ते आधी बघून घेऊ. मिळणार होता एक जुना, चार कोअरचा प्रोसेसर. आकाराने काडेपेटीएवढा, किंमत बाजारभावाच्या पाऊणपट, आणि तीही लगेच द्यायची नाही. त्यावर त्यांच्या केतनचा कॉम्प्युटर जरा पळायला लागला असता आणि 'पप्पा, तुम्ही माझ्यासाठी काहीच करत नाही' हे वाक्य दिंडोशीच्या घरात निदान दिवाळीपर्यंत ऐकू आलं नसतं. शिवाय पुतणीला मदत केली असं नाव झालं असतं. नात्यात असं नाव फार टिकतं, दर लग्नात, दर बारशाला काढून दाखवता येतं. एवढं सगळं एका खेपेत मिळत असेल तर कोणीही पितृपक्षातल्या म्हाळाच्या जेवणाला वेळेवर येईल. एरवी पानं वाढल्यावर उगवणारे राजेशकाका त्या दिवशी अकरालाच मुलुंडला हजर होते.

पुतणीचं नाव श्रुतिका. मुलुंड पूर्वेला म्हाडाच्या इमारतीत राहायची. वडील बाळा परब एका मॉलमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर, म्हणजे दिवसभर उभं राहायचं आणि बसलेल्या पोरांना उभं करायचं. आई सुलक्षणा घरगुती जेवणाच्या ऑर्डरी घ्यायची. तिचा खरा सीझन पितृपक्ष. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, अळूची भाजी, खीर आणि कावळ्यासाठी वेगळं पान, असा म्हाळाचा पूर्ण स्वयंपाक ती डब्यात भरून घरपोच द्यायची. ज्या सुनांना ऑफिस चुकवता येत नाही आणि सासरचे पितरही चुकवता येत नाहीत, त्या सगळ्या तिच्या गिऱ्हाईक.

श्रुतिकाला काय मिळणार होतं, ते मोठं होतं. अंधेरीतली एक कंपनी कॉम्प्युटर गेम खेळणारे संघ पाळते. पाळते हाच शब्द बरोबर, पगार देते आणि जिंकायला लावते. त्यांना मुलींचा संघ काढायचा होता. चौघी ठरल्या होत्या, पाचव्या जागेसाठी दोघी उरल्या, त्यातली एक श्रुतिका. सहा महिन्यांचा करार, महिना अठरा हजार, आणि जिंकलं तर पुढचं पुढे. बी.कॉम. होऊन वर्ष झालं होतं. त्या वर्षात तिने तीन ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या आणि तिन्ही ठिकाणी 'कळवतो' ऐकलं होतं. कोणी बोलावून घेतलं असेल तर ते याच कामासाठी.

हे घरात पटवायला तिला दोन महिने लागले. शेवटी सुलक्षणाने निकाल दिला, "एकदा बघ. जमलं तर जमलं. नाही तर चंद्रप्रकाशभाऊंच्या पतपेढीत जायचं. त्यांनी जागा धरून ठेवलीय, ते काय जन्मभर धरणार नाहीत."

चंद्रप्रकाश सावंतांच्या पतपेढीतली जागा म्हणजे दुकानादुकानांत फिरून रोजची बचत गोळा करायची आणि संध्याकाळी ती जुळेपर्यंत बसायचं. श्रुतिकाला ती जागा किती नको होती, ते तिने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्याचं कोणी काही केलं नसतं.

चाचणी घटस्थापनेला दुपारी चारला, घरून, पण स्वतःच्याच मशीनवर. संघाची मॅनेजर सपना फोनवर म्हणाली होती, "श्रुतिका, तुझा हात चांगला आहे. मशीन रडतेय तुझी."

"मॅम, गेममध्ये धुराचा बॉम्ब सोडला की अडकते. बाकी चालते."

"मॅचमध्ये धूर सोडतातच गं. तू अडकलेली असतेस तेव्हा समोरची तुला मारून जाते. ते रेकॉर्डिंगमध्ये तुझी चूक म्हणून दिसतं."

"कॅफेतून खेळले तर?"

"नाही चालणार. आम्ही मशीन देत नाही, तुझ्याच मशीनवर सहा महिने खेळायचंय. तेव्हा तीच बघणार आम्ही. प्रोसेसर बदल. बाकी सामान ठीक आहे तुझं."

सामान म्हणजे जुनं ग्राफिक्स कार्ड, कोणाच्या तरी ऑफिसातून निघालेला मॉनिटर आणि चार वर्षांपूर्वीचा स्वस्तातला मदरबोर्ड. बोर्ड हर्षदच्या दुकानातून घेतलेला. मुलुंड स्टेशनजवळ हर्षदचं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, कच्छी माणूस, गोड बोलतो आणि गिऱ्हाइकाचा खिसा त्याच्या चपलेवरून ओळखतो. त्याने काउंटरवर दोन डबे ठेवले.

"हा छोटा. चार कोअर, पण तुझ्यापेक्षा बराच पुढचा. सहा हजार. तुझा बोर्ड ह्याला ओळखतो, घरी जाऊन लाव, सुरू. हा मोठा. सहा कोअर, नव्या पिढीतला. साडेनऊ. ह्याला बोर्ड ओळखत नाही, आधी अपडेट मारावा लागतो."

"अपडेट जुना प्रोसेसर लावलेला असताना मारायचा ना?"

"मग? नवा तर बोर्डला माहीतच नाही, तो काय करणार. जुना कारकून रिटायर होताना नव्याला चार्ज देतो का नाही? तसं. जुना आधी घरी गेला तर कपाटाची चावी कोणाकडे आहे ते कोणाला कळणार?"

"छोट्यावर चाचणी निघेल, हर्षदभाई?"

"निघेल. आरामात नाही, पण निघेल. आज घेतेस का?"

आज घेता येत नव्हतं. पितृपक्ष लागला होता. परबांच्या घरात या पंधरवड्यात झाडूसुद्धा नवा आणत नाहीत. सुलक्षणाचा यात धर्म होता तेवढाच धंदाही होता. दुसऱ्यांचे म्हाळ पाळून देणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरात नवी वस्तू आली, हे एका गिऱ्हाइकाला कळलं तर पुढच्या वर्षी डबे कोण सांगणार? श्रुतिकाने ऑनलाइन मागवून डबा शेजारी ठेवायला सांगू असं सुचवून पाहिलं.

"पैसे कधी जातात?" आईने विचारलं.

"ऑर्डर करतानाच."

"मग घेतलंच ना गो. शेजारी ठेवून पितर फसतात होय?"

तेव्हा ठरलं असं की छोटा घ्यायचा, घटस्थापनेला सकाळी घ्यायचा, लावायचा आणि दुपारी चारला खेळायला बसायचं. सहा हजार सुलक्षणा म्हाळाच्या कमाईतून देणार होती. घट्ट होतं, पण बसत होतं. असं बसलेलं गणित घरच्या माणसांना बघवत नाही. त्यात हात घालायला त्यांना म्हाळाचा दिवस मिळाला.

श्रुतिकाच्या आजोबांचा म्हाळ द्वादशीला. आजोबा गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर परळची खोली विकून मुलुंडला आले. थोरला म्हणून म्हाळ बाळाकडे, आणि दोघे भाऊ वर्षातून हमखास भेटतात ते याच दिवशी. एरवी मुलुंड आणि दिंडोशी यांच्यामध्ये फक्त एक डोंगर आहे, पण दोघेही त्याचं नाव सांगून वेळ मारून नेतात.

पानाला कावळा शिवला, जेवणं झाली, खीर दोनदा फिरली. राजेशकाकांनी पाय लांब केले आणि विषय काढला.

"काय गो श्रुती, प्रोसेसर घेतेस म्हणे?"

"हो काका. घटस्थापनेला."

"कुठला?" तिने सांगितलं. काकांनी मान अशी हलवली जशी डॉक्टर हलवतात. "छोटा? अगं, घ्यायचा तर मोठा घे. चार दिवसांनी परत रडशील. मी आमच्या ऑफिसात बघतो ना, स्वस्तातलं आणतात आणि मग आयटीवाल्याला शिव्या घालतात."

काकांचं ऑफिस म्हणजे एका औषध कंपनीचं गोदाम होतं, आणि तिथे ते खोके मोजत. पण ऑफिस होतं.

"मोठ्याला साडेतीन हजार कमी पडतात," सुलक्षणा आतून म्हणाली.

"मी आहे ना वहिनी. जुना मला द्या, केतनच्या मशीनला बसतो तो. तीन हजार देतो. पाचशेचं तुम्ही बघा."

ऑनलाइन त्या जुन्याचे चार हजार येत होते, हे श्रुतिकाला माहीत होतं. काकांनाही माहीत असावं, कारण त्यांनी आकडा फार पटकन सांगितला. पण ऑनलाइन घेणारा अनोळखी असतो, आणि काका काका होते.

बाळा म्हणाला, "रे, पण तुलाही म्हाळ आहे ना? घेणार कसा?"

"घेतोय कुठे? देतोयस तू. पैसे नवरात्रात. पैसे दिले नाहीत म्हणजे घेतलं नाही."

विकायला पितृपक्षात बंदी नाही, हे सुलक्षणालाही मान्य होतं. तिचे वडे त्यावरच जात होते.

श्रुतिकाने हिशेब केला आणि तिच्या डोळ्यांत ते पहिल्यांदा आलं, सहा कोअर. सहा महिने. मोठ्यावर धूर सोडला काय आणि आग लावली काय, चित्र हलणार नव्हतं. ती म्हणाली, "काका, चालेल. फक्त आज नका नेऊ. मोठा घ्यायचा तर मला आधी बोर्ड अपडेट करावा लागेल, आणि तो जुना लावलेला असतानाच होतो. अर्धा तास द्या, फाइल उतरवते."

"अर्धा तास?" काकी, शीतल, पर्स खांद्याला लावून उभी होती. "अहो, पवईला गर्दी लागेल. मागच्या वेळी दोन तास."

"अगं, ते अपडेट-बिपडेट दुकानदार करून देतो. कामच त्याचं ते." काकांनी बाळाच्या हत्यारांच्या पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढलासुद्धा. "परत मुलुंडला कोण येतंय नुसतं एवढ्यासाठी? केतन रोज डोकं खातो माझं."

"काका, नको. मी घेऊन येते दिंडोशीला उद्या, खरंच."

"विश्वास नाही काय काकावर?"

श्रुतिका उठली. पुढे जे बोलायचं होतं ते तिच्या चेहऱ्यावर आलं होतं. सुलक्षणाने स्वयंपाकघराच्या दारातून तिचा दंड धरला आणि हळू आवाजात सांगितलं, "आज नाही. म्हाळाच्या दिवशी घरात वाद झाला की पितर जेवलेले उठून जातात. आजोबा तुझे ते. गप बस."

"आई, तू समजून घे, नंतर होणार नाही ते."

"हर्षदकडे होईल ना?"

होईल, असं श्रुतिकाला वाटत होतं. हर्षदच्या ड्रॉवरमध्ये तपासणीसाठी ठेवलेला एक जुना प्रोसेसर तिने पाहिला होता. ती गप्प बसली. बाकी सगळ्यांपेक्षा तिला जास्त कळत होतं, आणि त्या घरात त्या दिवशी त्याला काही किंमत नव्हती.

काकांनी प्रोसेसरवर बसवलेला पंखा खेचला. थंड मशीनचा पंखा असा खेचायचा नसतो, मधला लेप सुकून घट्ट झालेला असतो. प्रोसेसर पंख्याला चिकटून सॉकेटमधून उपटून आला. नशिबाने खालच्या बारीक सोनेरी पिना सरळ राहिल्या. काकांनी तो खिरीच्या रिकाम्या डब्यात, टिश्यू पेपरवर ठेवला.

संध्याकाळी तिने हर्षदला फोन लावला. हर्षद कच्छला गावी होता. श्राद्धाच्या दिवसांत धंदा बसतो म्हणून तो दरवर्षी जातो आणि दुकानाला कुलूप असतं.

"अरे आहे ना टेस्टिंगचा. घटस्थापनेला सकाळी ये, कॅबिनेट घेऊन. पाच मिनटांचं काम," हर्षद म्हणाला. "मोठा बाजूला ठेवतो तुझ्यासाठी."

मग अमावास्येपर्यंत मशीन मेलेली. दुसरी उमेदवार, नालासोपाऱ्याची कोणी पोरगी होती, ती रोज खेळत असणार. श्रुतिका सकाळी आईचे डबे पोचवायची आणि दुपारी बंद मॉनिटरसमोर बसून टेबलावर नुसता माऊस फिरवायची. मनगट विसरू नये म्हणून. बाळाने एकदा ते पाहिलं. खोलीतला पंखा तिच्या बाजूला वळवून निघून गेला.

घटस्थापनेला सुलक्षणाने घट बसवला, कमाईतले नऊ हजार मोजून दिले, वरचे पाचशे पाकिटाच्या तळातून काढले. काकांचे तीन हजार आले की ती त्यातून गॅसचं भागवणार होती. बाळाने सुट्टी टाकली होती. बापलेक कॅबिनेट चादरीत गुंडाळून साडेदहाला दुकानात पोचले.

हर्षदने ड्रॉवर उघडला. खालचाही उघडला. मग साल्याला फोन लावला आणि कच्छीत बराच वेळ बोलला. फोन ठेवून तो कान खाजवायला लागला.

"काल माझा साला दुकान उघडून बसला होता. एक गिऱ्हाईक आलं, त्याने विकून टाकला टेस्टिंगचा. त्याला काय माहीत."

"मग आता?" श्रुतिकाने विचारलं.

"लॅमिंग्टन रोडहून मागवतो, उद्या येईल."

"चाचणी आज आहे, हर्षदभाई. चारला."

हर्षदने काचेतून छोटा डबा काढून समोर ठेवला. तेव्हा तो प्रामाणिकपणे बोलला, हे त्याच्या खात्यात लिहायला हवं. "मग हा घे. सहा हजार. आत्ता इथे लावून देतो, सुरू करून देतो. साडेतीन हजार परत ने."

श्रुतिका डब्याकडे बघत राहिली. बाळा म्हणाला, "काय करायचं तू ठरव. माका काय कळत नाही यातलं."

तिने काकांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"अगं मग इकडे घेऊन ये ना मशीन," काका म्हणाले. "प्रोसेसर आपल्याच घरात आहे. अर्ध्या तासाचं काम तूच म्हणत होतीस. अपडेट कर, नवा लाव, आणि इथूनच खेळ. इंटरनेट फास्ट आहे आपलं. छोटा घेऊन काय करणार? आणि तीन हजार मी मोठ्यासाठी बोललो होतो हां."

ती फोन हातात धरून उभी राहिली. चाचणी छोट्यावर निघेल, आरामात नाही. करार झाला तर पुढचे सहा महिने छोट्यावर काढायचे, आणि आई दुसऱ्यांदा पैसे देणार नाही. चार दिवस ती मनातल्या मनात मोठ्यावरच खेळत होती. मनातल्या मशीनची सवय फार वाईट, हातातली लगेच हलकी वाटायला लागते.

"मोठा द्या," ती म्हणाली.

"लावून बघू का एकदा?" हर्षद म्हणाला. "कधी कधी कंपनीतूनच बोर्ड अपडेट होऊन आलेला असतो. लागला तर इथेच काम झालं. पण शिक्का फोडला की परत नाही घेणार."

"फोडा."

शिक्का फुटला. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळाच राहिला. हर्षदने नवा प्रोसेसर परत त्याच्या प्लास्टिकमध्ये घातला आणि म्हणाला, "दिंडोशी. लवकर जा."

रिक्षात बाळाने कॅबिनेट मांडीवर घेतला, बाळंतपण करून आणलेल्या सुनेच्या पोरासारखा, खड्डा आला की उचलून धरायचा. भांडुपला देवीच्या दोन मूर्ती चालल्या होत्या, पवईला तिसरी. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं आणि तो उतरून नमस्कार करून आला.

श्रुतिकाने केतनला फोन लावला. "केतन, ऐक. मशीन चालू ठेव. एखादा गेम लावून ठेव म्हणजे गरम राहील. मी आले की मी काढते. तू हात नको लावूस."

"चिल यार. येतेयस ना?"

"येतेय. हात लावू नको, कळलं?"

"हो गं."

केतन खोटं बोलला नाही. तो एकोणीस वर्षांचा, मनाने बरा मुलगा आहे. पण फोन ठेवल्यावर राजेशकाका त्याच्या मागे उभे होते, आणि त्यांना उपकार पुरा करायचा होता. "ती बिचारी येऊन कधी काढणार? चारला खेळायचंय तिला. आपण काढून तयार ठेवू. एकदा काढलाय मी, मला माहीत आहे." केतनने मशीन बंद केली. काकीला नवरात्राचा उपास होता, तिने बाकीच्यांना जेवायला बोलावलं. जेवून येईपर्यंत मशीन थंड झाली होती. मग काकांनी पंखा खेचला.

श्रुतिका आणि बाळा वर पोचले तेव्हा दीड वाजून गेला होता. प्रोसेसर टीपॉयवर उताणा पडला होता. केतन ब्लेडने त्याच्या पिना सरळ करत होता.

"थोड्या वाकल्यात," काका म्हणाले. "होतील सरळ. तुझा वेळ वाचावा म्हणून काढून ठेवत होतो."

श्रुतिका खाली बसली. "दे इकडे."

एका कोपऱ्यातली अख्खी रांग आडवी झाली होती. तिने केतनच्या हातातून ब्लेड घेतलं, मोबाईलचा दिवा लावला, बाळाला धरायला दिला. ओळीने एक एक उचलत गेली. सिक्युरिटीवाल्याचा हात तासन् तास एकाच जागी राहू शकतो. सात-आठ पिना उभ्या राहिल्या. कोपऱ्यातली मात्र उचलताना मोडली आणि चादरीवर पडली. केसाएवढी होती, पुन्हा सापडलीसुद्धा नाही.

तरी तिने तो बोर्डात बसवला. बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा पुन्हा काळाच.

"केतन, तुझा आधीचा प्रोसेसर कुठाय?" तिने विचारलं. "तोही या बोर्डला चालेल. फक्त अपडेटपुरता दे."

केतनने वडिलांकडे बघितलं.

"तो विकला," काका म्हणाले. "परवा. घ्यायला मनाई असते, विकायला कुठे असते?"

शेजारच्या घरात आरती चालू होती. अडीच वाजत आले होते. श्रुतिकाने हर्षदला फोन लावला. "हर्षदभाई, छोटा आहे अजून?"

"आहे. पण चारला चाचणी ना तुझी? दिंडोशीहून येशील कधी?"

"गोरेगावात कुठे मिळेल?"

"स्टेशनजवळ एक दुकान आहे, सांगतो मी त्याला, ठेवील. पैसे घेऊन जा, तो उधार देत नाही."

ती उठली. चेहऱ्यावर जरा रंग आला होता, तो बघून बाळाला फार वाईट वाटलं. ती म्हणाली, "काका, तीन हजार द्या. बाबा, तुमच्याकडे किती आहेत? रिक्षाने स्टेशन वीस मिनिटं. छोटा घेऊन येते, इथेच लावते, पावणेचारला बसते."

बाळाकडे बाराशे होते आणि रिक्षाचे जायचे होते. त्याने ते सगळे काढून टीपॉयवर ठेवले. मग दोघांनी काकांकडे बघितलं.

"आता कसले तीन हजार गं?" राजेशकाका म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता, खरोखर समजत नसल्यासारखा होता. "मी प्रोसेसरचे देणार होतो. प्रोसेसर राहिला कुठे? तुझ्यासाठी काढताना गेला. आमच्या मशीनची वाट लागली ती वेगळी."

"भावोजी, उधार म्हणून द्या," असं म्हणायला सुलक्षणा तिथे नव्हती. बाळा होता. "राजू," तो म्हणाला, "नंतर देतो तुला. आता दे."

"दादा, देणारच रे. पण महिनाअखेर आहे. नवरात्राचं सामान भरलंय परवाच, शीतलला विचार. पाचशे आहेत बघ."

शीतलकाकी आत जाऊन पाचशेची नोट घेऊन आली, वर कुंकवाचं बोट लागलं होतं. केतन खोलीत गेला आणि त्याच्या बॅगेतून तीनशे आणले. ते सगळे मिळून दोन हजार झाले. छोट्याला चार हजार कमी पडत होते. बाळाने मॉलमधल्या सहकाऱ्यांना फोन लावायला सुरुवात केली. एक ड्युटीवर होता, दुसऱ्याने उद्या देतो म्हटलं. तिसऱ्याचा फोन लागला तेव्हा सव्वातीन झाले होते आणि श्रुतिकाने बापाचा हात खाली केला.

"राहू दे बाबा. होत नाही आता."

साडेतीनला तिने सपनाला कळवलं. सपना रागावली नाही. रागावली असती तर काही तरी बाकी आहे असं वाटलं असतं. "ओके," ती म्हणाली. "मग दुसरीची चाचणी फक्त औपचारिक ठेवते. तिचा करार आज करून टाकते मी, बाकीच्या चौघी थांबल्यात. तुझं नाव आहे आमच्याकडे, कधी जागा निघाली तर बघू."

"मॅम, उद्या सकाळी मशीन सुरू होईल."

"श्रुतिका, उद्या मला कशाला लागेल गं?"

काकीने चहा केला. कोणाला नको म्हणता आलं नाही. काका म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेतेस, गेमच आहे." बाळाने तेव्हा भावाकडे बघितलं, आणि कप अर्धा तसाच ठेवून कॅबिनेट उचलला. वाद त्याने तरीही घातला नाही. पितृपक्ष संपला होता, पण सवय राहिली होती.

हर्षदकडचा टेस्टिंगचा प्रोसेसर दुसऱ्या दिवशी आला. बोर्ड पाच मिनिटांत अपडेट झाला, त्याचे त्याने दोनशे घेतले. मोठा प्रोसेसर लागला आणि मशीन अशी पळायला लागली की हर्षद स्वतः काउंटरवरून वाकून बघत राहिला. धूर सोडला, आग लावली, चित्र हललं नाही. श्रुतिकाने दहा मिनिटं खेळून बंद केलं.

दसऱ्यानंतर ती पतपेढीत लागली. चंद्रप्रकाशभाऊंनी जागा खरंच धरून ठेवली होती आणि तेही त्यांनी चारचौघांत सांगितलं. दिवसभर मुलुंडच्या दुकानांतून ती दहा-वीस-पन्नासच्या नोटा गोळा करते, संध्याकाळी रक्कम जुळली की घरी येते. मशीनवर टेबलक्लॉथ घातलेला असतो. सुलक्षणा धूळ पुसताना तो काढते आणि परत घालते. आपल्या पोरीचं नेमकं काय गेलं हे तिला अजून नीट सांगता येत नाही, म्हणून ती ते विचारतही नाही. पुढच्या वर्षीच्या म्हाळाला राजेशभावोजींना बोलवायचं का, असं बाळाने एकदा विचारलं. सुलक्षणा म्हणाली, "न बोलवून कसं चालेल? बाप एकच ना दोघांचा."

आता कोणी काय भरलं ते बघू. पितरांचं काही राहिलं नाही, त्यांच्या पंधरवड्यात घरात नवी वस्तू आली नाही आणि वादही झाला नाही. राजेशकाकांनी तीन हजार दिले नाहीत, पाचशे दिलेले परत मागून घेतले. केतनचा आधीचा विकला गेला होता आणि श्रुतिकाकडून आलेला मोडला, पण त्या दोन्हींतल्या एकाचेही पैसे त्याच्या खिशातून गेले नव्हते. हर्षदचा माल विकला गेला, वर दोनशे. अंधेरीच्या कंपनीला पाचवी पोरगी वेळेवर मिळाली. साडेनऊ हजार सुलक्षणाच्या वड्यांनी भरले, दोन्ही वेळचे रिक्षाचे पैसे बाळाने. उरलेलं सगळं श्रुतिकाने भरलं, आणि अजून रोज भरतेय.